सगळ्यांचा, आणि कुणाचाच नाही

माझा भाचा लागोसला असतो. औषधांच्या कंपनीत आहे, आठ वर्षं झाली. 2025च्या जुलैत, चातुर्मास नुकताच लागला होता, तेव्हा एका रविवारी रात्री त्याचा फोन आला. इकडचं-तिकडचं झाल्यावर म्हणाला, "मावशी, आमचे जुने अध्यक्ष गेले. बुहारी. लंडनच्या दवाखान्यात होते."

'आमचे' म्हणाला, त्याचं मला हसू आलं. आठ वर्षांत माणूस कुठलाही होतो. पण नाव ऐकल्याबरोबर मी म्हटलं, "तेच ना रे, बायकोला स्वयंपाकघरात पाठवणारे?"

तो म्हणाला, "एवढंच लक्षात आहे तुझ्या?"

खरंच, तेवढंच होतं. तुमच्यापैकीही काहींना आठवत असेल. 2016च्या ऑक्टोबरातली गोष्ट. नायजेरियाचे अध्यक्ष मुहम्मदू बुहारी जर्मनीच्या दौऱ्यावर होते. बर्लिनमध्ये शेजारी चान्सेलर मर्केलबाई उभ्या. पत्रकाराने त्यांना पत्नीच्या एका मुलाखतीबद्दल विचारलं. तर हे हसून म्हणाले की, माझी बायको कुठल्या पक्षाची आहे मला माहीत नाही, पण ती माझ्या स्वयंपाकघराची, माझ्या बैठकीच्या खोलीची आणि त्या दुसऱ्या खोलीची आहे. मर्केलबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आमच्या महिला मंडळात तो व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरला. आम्ही तावातावाने बोललो. एक जण म्हणाली, "सैन्यातला माणूस, घरीसुद्धा हुकूमच करणार."

पण भाच्याने त्या रात्री विचारलं, "मावशी, ती बाई काय बोलली होती म्हणून ते असं म्हणाले, ते माहीत आहे का?" मला सांगता येईना. स्वयंपाकघराचा आम्हाला इतका राग आला, की आयशा बुहारी नावाची ती बाई काय म्हणत होती ते आमच्यातल्या एकीनेही विचारलं नव्हतं. आम्हीसुद्धा तिला स्वयंपाकघरापुरतीच ठेवली की!

ती बोलली होती नेमणुकांबद्दल. बीबीसीच्या हौसा भाषेतल्या कार्यक्रमात तिने सांगितलं होतं, की माझ्या नवऱ्याने ज्या पन्नास माणसांना पदं दिली, त्यांतल्या पंचेचाळीस जणांना तो ओळखत नाही. सत्तावीस वर्षं संसार केलेली मी, मीही त्यांना ओळखत नाही. मूठभर माणसं ठरवतात कुणाला कुठे बसवायचं. हे असंच चाललं, तर पुढच्या निवडणुकीत मी त्याच्यासाठी फिरणार नाही.

म्हणजे त्या बाईने आपल्या देशातला सगळ्यात नाजूक प्रश्न उघड्यावर मांडला होता: सत्तेच्या जागा कुणाला द्यायच्या आणि ते कुणी ठरवायचं? त्या देशात या प्रश्नाला धर्माची धार आहे. तेव्हापासून मी त्यावर जमेल तेवढं वाचत आले. वाचता वाचता मला आमच्याच संस्थेतली एक जुनी गोष्ट आठवली. ती सांगायला जीव कचरतो, पण सांगणार आहे.

आधी तो देश थोडा समजून घेऊ. नायजेरियाच्या उत्तरेला मुसलमान बहुसंख्य, दक्षिणेला, विशेषतः आग्नेयेकडे, ख्रिस्ती बहुसंख्य, आणि मधला पट्टा मिसळलेला. नैर्ऋत्येकडच्या योरुबा लोकांत तर एकाच घरात एक भाऊ मशिदीत जातो आणि एक चर्चमध्ये, आणि सण दोघांचेही होतात. भाच्याच्या घरमालकिणीकडे असंच आहे. पण राजकारणात मात्र ही वाट निसरडी. 1966 साली जानेवारीत काही तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी बंड केलं, पंतप्रधान मारले गेले, उत्तरेचे मोठे नेतेही मारले गेले. बंड करणारे बहुतेक इग्बो होते. मग जुलैत उलटं बंड झालं, उत्तरेत इग्बोंच्या कत्तली झाल्या, आणि 1967 ते 1970 बियाफ्राचं युद्ध पेटलं. उपासमारीने लाखो माणसं गेली. त्यात लहान मुलं किती! बुहारी त्या युद्धात सरकारच्या बाजूने लढलेले अधिकारी.

या जखमेतून त्या देशाने एक नियम काढला. 1979च्या राज्यघटनेत लिहिलं गेलं, की सरकारच्या रचनेत देशाचं संघीय रूप दिसलं पाहिजे. काही थोड्या राज्यांचा, जमातींचा किंवा गटांचा वरचश्मा होता कामा नये. आजच्या घटनेतही ते आहे. 36 राज्यं आहेत, तर प्रत्येक राज्यातला किमान एक मंत्री घ्यावाच लागतो. 1996 साली यावर देखरेख करायला वेगळा आयोगही नेमला गेला. धर्माचं मात्र असं कलम नाही, उलट सरकारचा कुठलाही धर्म नसेल असंच घटना म्हणते. पण लिहिलं नसलं तरी सगळे पाळतात असा एक रिवाज पडला: वरचा मुसलमान असेल तर त्याच्या हाताखालचा ख्रिस्ती, वरचा ख्रिस्ती असेल तर खालचा मुसलमान.

आता गंमत बघा. हा तराजू सगळे इतका जपतात, पण पारड्यात वजन किती हे गेल्या कित्येक दशकांत अधिकृतपणे कुणी मोजलेलंच नाही. 1991 आणि 2006च्या जनगणनेत धर्माचा रकानाच ठेवला नाही, भांडणं नकोत म्हणून. साधारण निम्मे-निम्मे, असं धरून चालायचं. आणि या निम्म्या-निम्म्यात जुन्या देवांना भजणारे, आपल्या वाडवडिलांचे विधी करणारे कुठे जातात? कुठेच नाही. पारडी दोनच आहेत. तिसऱ्याने एकात तरी चढावं, नाहीतर खाली उभं राहावं. 2011च्या जनगणनेत आपण जैन देशात 44 लाखांवर होतो, म्हणजे शेकडा अर्धासुद्धा नाही. आपल्याला हे खाली उभं राहणं काय असतं ते कळायला अवघड नाही. म्हणून मला या तराजूचा फार अभिमानही वाटत नाही आणि तो मोडून टाका असंही म्हणवत नाही.

31 डिसेंबर 1983ला बंड झालं आणि बुहारी सत्तेवर आले. वय एक्केचाळीस. निवडून आलेलं सरकार भ्रष्ट होतं, आणि लोकांनी बंडाचं स्वागतही केलं. त्यांचे दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी होते टुंडे इदियाग्बोन. दोघेही मुसलमान. त्याच्या आधीच्या लष्करी राजवटीत जोडी जुळवलेली होती, इथे ती मोडली. या दोघांनी बेशिस्तीविरुद्ध युद्ध पुकारलं. बसच्या रांगेत नीट उभं राहिलं नाही तर शिपायाचा चाबूक, सरकारी नोकर उशिरा आला तर सगळ्यांसमोर बेडूकउड्या. आपल्यातलेही पुष्कळ जण ऐकून म्हणतील, "असंच पाहिजे." पण त्याच वर्षी एक फर्मान निघालं, आणि सरकारला नको ती बातमी छापली म्हणून दोन पत्रकारांना तुरुंगात टाकलं. अमली पदार्थांच्या गुन्ह्यासाठी तीन तरुणांना गोळ्या घातल्या. गुन्हा घडला तेव्हा त्याला मृत्युदंड नव्हताच, कायदा नंतर केला आणि मागून लावला.

या माणसावर पैसे खाल्ल्याचा आरोप कुणी सिद्ध केला नाही. राहणी साधी होती. गाईगुरांची आवड, घर बेताचं. आपण जैन लोक अपरिग्रहाला फार मान देतो, आणि द्यावाच. पण हे चरित्र वाचताना मला पहिल्यांदा नीट कळलं, की हात स्वच्छ असणं वेगळं आणि न्यायी असणं वेगळं. स्वतःसाठी काही न घेणारा माणूसही दुसऱ्याचं हिरावू शकतो. उलट त्याला अडवणं जास्त कठीण जातं, कारण त्याच्या मनात अपराधीपणाचा लवलेश नसतो.

वीस महिन्यांनी, 1985च्या ऑगस्टमध्ये, त्यांच्याच बरोबरीच्या इब्राहीम बाबांगिडांनी त्यांना खाली खेचलं. तीन वर्षांहून जास्त काळ नजरकैदेत ठेवलं. बाबांगिडांनी जोडी पुन्हा जुळवली. ते स्वतः मुसलमान, आणि दुसऱ्या क्रमांकावर एबिटू उकिवे हे नौदलातले ख्रिस्ती अधिकारी. लोकांना बरं वाटलं. पण 1986च्या आरंभी नायजेरिया इस्लामी देशांच्या संघटनेची सभासद झाल्याचं लोकांना कळलं. ख्रिस्ती समाज हादरला. तेव्हा उकिवेंनी उघडपणे सांगितलं, की हा विषय आमच्या सत्ताधारी मंडळापुढे आलाच नव्हता. त्याच वर्षी त्यांना पदावरून जावं लागलं. त्यांच्या जागी कोण आलं? दुसरे ख्रिस्ती नौदल अधिकारी. तराजूची दांडी तसूभरही हलली नाही. फक्त बोलणारा माणूस गेला आणि त्याची खुर्ची तेवढी उरली.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून ठेवलं. मला आमच्या वसतिगृहाची मीटिंग आठवली.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या समाजाच्या एका संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहावर मी विश्वस्त होते. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण दोष संस्थेचा नाही, माझा आहे. आपल्या भागात अशा संस्थांवर माणसं कशी घेतात ते तुम्ही जाणताच. चतुर्थांचे इतके, पंचमांचे इतके, कासारांचा एक, सैतवाळांचा एक, आणि शेवटी 'महिला' एक. ती महिला मी. वसतिगृहाला रेक्टर बाई नेमायच्या होत्या. दोन अर्ज आले. एक माझ्या लहानपणापासून माहितीतली, आमच्यातलीच, शिकलेली, नीटनेटकी. दुसरी एका खेड्यातल्या शाळेत शिकवणारी, दुसऱ्या पोटजातीतली. काही विश्वस्त म्हणाले, मागच्या दोन्ही रेक्टर तुमच्यातल्या होत्या, यंदा पाळी त्यांची. मी उठून बोलले. मला वाटतं, मी तिथे पहिल्यांदाच तोंड उघडलं असेन. म्हटलं, "मुलींच्या आयुष्याचा प्रश्न आहे. पाळी कसली मोजता? गुण बघा. महावीरांनी जात बघितली होती काय?" सगळे गप्प झाले. माझीच बाई निवडून आली. मला फार समाधान वाटलं.

बाहेर आले, तर वसतिगृहात तीस वर्षं भाकरी थापणारी आक्का पायरीवर बसली होती. म्हणाली, "चांगलं बोललासा बाई. पर तुमास्नी गुण बरा तुमच्याच गल्लीत घावतोय."

मी चिडले. उत्तर दिलं नाही. पण घरी येताना एक गोष्ट डोक्यात टोचत राहिली: दुसऱ्या बाईचा अर्ज मी वाचलाच नव्हता. पहिलं पान बघितलं, आडनाव बघितलं, आणि खाली ठेवला. गुण बघा म्हणून मी भाषण केलं, आणि स्वतः एकीचेच गुण बघितले.

नवी रेक्टर वाईट नव्हती. प्रामाणिक होती, हिशेब चोख. पण दुसऱ्या वर्षी एका मुलीने आठवडाभर ताप अंगावर काढला. टायफॉइड निघाला. दवाखान्यात मी तिला विचारलं, "बाळ, बाईंना का नाही सांगितलंस?" तर ती भिंतीकडे बघत म्हणाली, "त्या तुमच्यातल्या आहेत ना." पोर बरी झाली, पण तिचं वर्ष गेलं.

रेक्टर बाईंनी तिला कधी वेगळं वागवलं नव्हतं, हे मी खात्रीने सांगते. पण त्या पोरीला दार ठोठवावंसंच वाटलं नाही. त्या दिवशी मला कळलं, की जागांची ही मोजदाद खुर्चीत बसणाऱ्याच्या मानासाठी नसते, निदान नसावी. ती दारात उभ्या राहणाऱ्यासाठी असते. 2000 साली नायजेरियातल्या कडुना शहरात, आणि 2001 साली जोसमध्ये, मुसलमान आणि ख्रिस्ती एकमेकांवर धावून गेले, घरं जळली, माणसं मोठ्या संख्येने मेली. अशा रात्री पोलीस ठाण्याकडे पळणाऱ्या बाईच्या मनात 'साहेब गुणी आहे का' हा प्रश्न आधी येत नाही. 'तो आमचं ऐकेल का' हा येतो. तिला तसं वाटणं चूक असेल, पण ते शहाणपण तिने अनुभवातून कमावलेलं असतं. ज्याला सगळीच दारं उघडी मिळाली, तोच सहज म्हणतो की माणूस बघा, धर्म काय बघता.

आता पुन्हा बुहारींकडे येते. नजरकैदेतून सुटलेल्या या सेनाधिकाऱ्याने पुढे लोकशाहीचा रस्ता धरला, हे मान्य करायला हवं. 2003, 2007, 2011, तीन वेळा निवडणूक हरले. प्रत्येक वेळी उपाध्यक्षपदासाठी जोडीला ख्रिस्ती उमेदवार घेतला. 2011 साली तर एका पाद्र्यालाच घेतलं. तरी 'हा धर्मवेडा आहे' ही शंका दक्षिणेत गेली नाही. काही वर्षांपूर्वी शरियाच्या बाजूने ते बोलले होते, ते लोक विसरले नव्हते. 2011चा निकाल लागल्यावर उत्तरेत दंगली झाल्या आणि शेकडो माणसं मेली. मग 2014च्या जुलैत कडुनामध्ये त्यांच्याच मोटारीवर बॉम्बहल्ला झाला. ज्याला एका बाजूचे धर्मवेडा म्हणत होते, त्याला मारायला खरे धर्मवेडे टपले होते. ते थोडक्यात वाचले.

2015 साली ते जिंकले. पंचवीस लाखांहून जास्त मतांनी. त्या देशात सत्तेवरचा अध्यक्ष मतपेटीतून पहिल्यांदाच हरला. जोडीला होते येमी ओसिनबाजो, कायद्याचे प्राध्यापक आणि पाद्री. 29 मेला शपथ घेताना बुहारी एक वाक्य बोलले, ते जगभर गाजलं: मी सगळ्यांचा आहे, आणि मी कुणाचाच नाही.

मला ते वाक्य ऐकून आपल्या वीतरागाची कल्पना आठवली. ज्याला राग नाही, द्वेष नाही, म्हणून जो कुणाचा नाही, आणि म्हणूनच सगळ्यांचा. माणसाने असं म्हणणं मोठी गोष्ट आहे. पण दोनच महिन्यांनी अमेरिकेत एका सभेत ते म्हणाले, की ज्या भागांनी मला शंभरातली 97 मतं दिली आणि ज्यांनी 5 दिली, त्यांना काही बाबतींत सारखंच वागवता येणार नाही. घटनेने दिलेलं ज्याचं त्याला मिळेल, असंही पुढे म्हणाले. पण लोकांच्या कानात राहिले ते आकडे. मग नेमणुका सुरू झाल्या. गुप्तचर खातं, सुरक्षा सल्लागार, अध्यक्षांचं कार्यालय: एकामागून एक उत्तरेची, मुसलमान माणसं. लष्करात आणि नौदलात दक्षिणेचेही होते, मंत्रिमंडळात घटनेप्रमाणे प्रत्येक राज्याचा माणूस होता, हेही खरं. पण चाव्या कुणाच्या कमरेला आहेत ते लोकांना बरोबर कळतं. त्यावर बुहारींचं म्हणणं असं, की इतकी वर्षं जे माझ्याबरोबर राहिले, ज्यांच्यावर माझा विश्वास आहे, त्यांना घेतलं.

यात खोटं काही नसेल. त्यांना गुण आणि विश्वास तिथेच दिसला. मलाही माझ्याच गल्लीत दिसला होता.

दोष इथे कुठे आहे? मला वाटतं, 'मी निःपक्ष आहे' या खात्रीतच तो आहे. आपल्याकडे अनेकान्ताचं नाव फार घेतात. पर्युषणात व्याख्यान असतं, हत्ती आणि सात आंधळ्यांची गोष्ट सांगतात, आपण माना डोलावतो. पण गोष्ट ऐकताना प्रत्येकाला वाटतं, आपण तो डोळस आहोत ज्याला पूर्ण हत्ती दिसतो. कुणालाच वाटत नाही की आपण शेपूट धरलेला आंधळा आहोत. अनेकान्ताचा अर्थ प्रत्येकाला एकेक खुर्ची द्या एवढाच नाही. मला जे दिसतं ते अपुरं आहे, म्हणून मला दुसऱ्याची गरज आहे, तो मला 'नाही' म्हणेल म्हणून गरज आहे, असा तो अर्थ आहे. उकिवेंना खुर्ची होती, 'नाही' म्हणायची मुभा नव्हती. आमच्या समितीत मला खुर्ची होती, पण वर्षानुवर्षं मीटिंगचं इतिवृत्त आधीच लिहिलेलं यायचं आणि मी सही करायची. आणि ज्या दिवशी मला बोलायची मुभा मिळाली, त्या दिवशी मी माझ्याच बाजूचं बोलले!

2018च्या ऑगस्टमधली एक घटना यासाठी सांगण्यासारखी आहे. बुहारी लंडनला रजेवर होते, ओसिनबाजो हंगामी अध्यक्ष. गुप्तचर खात्याच्या तोंड बांधलेल्या शिपायांनी संसदेचे दरवाजे अडवले. खात्याचे प्रमुख होते लावल दाउरा, बुहारींच्याच दाउरा गावचे. ओसिनबाजोंनी त्याच दिवशी त्यांना काढून टाकलं आणि दक्षिणेतल्या एका ज्येष्ठ अधिकाऱ्याकडे काम सोपवलं. म्हणजे जोडीतला दुसरा माणूस नुसता शोभेचा नसला, तर काय होऊ शकतं ते एक दिवस दिसलं. पुढच्याच महिन्यात बुहारींनी त्या पदावर पुन्हा उत्तरेचा माणूस आणला.

उलट बाजूही सांगते, नाहीतर आक्का पुन्हा मला पायरीवर गाठेल. 1993 साली मोशूद अबिओला आणि बाबागाना किंगिबे या दोन मुसलमानांच्या जोडीला लोकांनी भरघोस मतं दिली, ख्रिस्ती भागांतूनही. ती त्या देशातली सगळ्यात स्वच्छ निवडणूक मानतात. लोकांनी धर्म मोजला नाही. निवडणूक रद्द केली ती बाबांगिडांनी. आणि अबिओलांचा दिवस, 12 जून, लोकशाही दिन म्हणून कुणी जाहीर केला? 2018 साली बुहारींनीच. 2023 साली पुन्हा दोन मुसलमानांची जोडी निवडून आली, बोला टिनुबू आणि काशिम शेट्टिमा. ख्रिस्ती संघटनांनी विरोध केला होता. पण टिनुबूंच्या पत्नी स्वतः चर्चच्या पाद्री आहेत! म्हणजे नवरा मुसलमान, बायको धर्मोपदेशक ख्रिस्ती, आणि संसार चाललाय. मोजदादीच्या पलीकडे जाता येतं, पण विश्वास आधी यावा लागतो. विश्वास नसताना मोजदाद सोडायला सांगणं म्हणजे दुबळ्याच्या हातातली काठी काढून घेणं, आणि विश्वास आल्यावरही मोजतच राहणं म्हणजे बरा झालेला पाय काठीवरच ठेवणं. कुठली वेळ आहे, हे काठी टेकणाऱ्याला विचारावं, शेजारून धावणाऱ्याला नव्हे.

आणि बायका? उत्तर-दक्षिण मोजलं, मुसलमान-ख्रिस्ती मोजलं, 36 राज्यं मोजली. 2015च्या बुहारींच्या 36 मंत्र्यांत बायका सहा होत्या. 2022च्या मार्चमध्ये संसदेत बायकांसाठी खास जागा ठेवायचा प्रस्ताव आला, तो पडला. तिथल्या संसदेत शंभरात पाच बायकाही नाहीत. दोन्ही धर्मांचे पुरुष एकमेकांशी भांडतात, पण इथे त्यांचं एकमत झालं. म्हणून मला आयशाबाईंचं मोल वाटतं. ती मुसलमान, उत्तरेची, अध्यक्षांच्या घरातली. मोजदादीच्या हिशेबाने ती तर जिंकलेल्या बाजूची. गप्प राहिली असती तर तिचं काही बिघडत नव्हतं. तरी ती आपल्याच माणसाला म्हणाली, तू बसवलेली माणसं बघ, तुला तुझी माणसंही दिसेनाशी झालीत. विरोधकाने असं सांगणं सोपं. घरातून सांगायला जास्त बळ लागतं, आणि ऐकायला त्याहून जास्त.

आपण श्रवणबेळगोळला जातो. ती मूर्ती उभी केली चामुंडरायाने, साधारण इसवी सन 981मध्ये. तोही सेनापतीच होता, गंग राजांचा. लढाया जिंकलेल्या माणसाने मूर्ती कोरवून घेतली ती जिंकलेलं राज्य सोडून देणाऱ्याची. वर्षभर बाहुबली उभे राहिले, पायांवर वेली चढल्या, तरी ज्ञान होईना. मनात एक शल्य होतं. आपल्या दिगंबर परंपरेत भरत येऊन पाया पडतो आणि शल्य जातं. श्वेतांबर परंपरेत मात्र त्यांच्या दोन बहिणी येतात, ब्राह्मी आणि सुंदरी. त्या सांगतात, दादा, आधी हत्तीवरून खाली उतर. राज्य सोडलं, वस्त्रं सोडली, पण 'मी सोडलं' हा हत्ती सुटला नव्हता. बहिणी बोलल्या, त्यांनी ऐकलं, आणि पाऊल उचललं.

सगळ्यांचा आणि कुणाचाच नाही, असं म्हणणं हत्तीवर बसूनही जमतं. बहिणीने किंवा बायकोने हाक मारली तर उतरायचं, हे अवघड. बुहारी बहुधा उतरले नाहीत, आणि आता ते गेले. त्यांचा हिशेब त्यांच्याबरोबर. मी माझ्यापुरतं एक केलं. त्या दुसऱ्या बाईंचा पत्ता शोधून काढला, त्या आता निवृत्त झाल्यात. भेटायला गेले, आणि तुमचा अर्ज मी वाचला नव्हता हे त्यांना सांगितलं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बसा, चहा टाकते." मी त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. तिथेच उभ्यानं आम्ही दोघी पुष्कळ वेळ बोललो.